पहाऱ्यावरच्या बाई

आमच्या घरावर त्या काळी दोघांचा पहारा होता. एक आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आणि दुसरा कॉम्प्युटरमधल्या बाईंचा. आबा दिसायचे, बाई नुसत्या ऐकू यायच्या. सकाळी आई भाकरी थापत असायची, मागच्या कारखान्यातलं लेथ घरघरायला लागलेलं असायचं, आबा अंघोळ करून देवाला दरडावल्यासारखं स्तोत्र म्हणत असायचे आणि तेवढ्यात सोप्यातून, म्हणजे पुढच्या खोलीतून, एक गोड, परदेशी, जरा नाकातला आवाज यायचा, "युवर कॉम्प्युटर इज प्रोटेक्टेड." आई आतूनच म्हणायची, "उठल्या बाई." आमच्या घरात एवढं गोड बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे बाईंचा मान मोठा होता. आई तर सोप्यात केर काढताना कॉम्प्युटरपाशी आली की केरसुणी जरा हळू मारायची.

या बाई म्हणजे अँटीव्हायरस. आबांचं शाहूपुरीत पाण्याच्या मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि कॉम्प्युटर घेतला होता तो दुकानाच्या बिलांसाठी. दुकानात धूळ फार म्हणून त्याला घरी सोप्यात बसवला, आईनं त्याला भरतकामाचा रुमाल पांघरला आणि दसऱ्याला हळदीकुंकू लागलं. इथपर्यंत सगळं शास्त्रोक्त झालं. पुढं माझा चुलतभाऊ विकू कुठल्याशा नेटकॅफेतून एक पेनड्राइव्ह घेऊन आला, तो त्यानं प्रेमानं कॉम्प्युटरला लावला आणि संध्याकाळपर्यंत दुकानाची झाडून सगळी बिलं गायब झाली. विकूला आबा काही बोलले नाहीत. पोरगा हाय, हून जातं कवा कवा. त्यांनी सरळ सगळ्यात महागाचा अँटीव्हायरस आणून बसवला आणि त्याला स्वतःचा पासवर्ड घातला. तो पासवर्ड टाकायची वेळ आली की आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. आबा एका बोटानं एकेक अक्षर शोधून दाबायचे, तेवढ्या वेळात आईचं एखादं वांगं चिरून व्हायचं.

बाई कामाला कशा होत्या, तेही सांगते. विकूचे पेनड्राइव्ह येतच राहिले. त्याच्या डुप्लिकेट सीड्या, चोरीचे गेम, कुठली कुठली गाणी, सगळं बाईंच्या नाकाखालून बिनबोभाट आत जायचं. बाई रोज सकाळी सांगायच्या की सगळं सुरक्षित आहे. मी बारावीच्या प्रोजेक्टची फाइल कॉलेजातून आणली की मात्र लाल चौकट, इशारा, घंटा. आबांचं आणि बाईंचं एवढं जमायचं ते काही उगाच नाही. विकू कुठल्याही वेळी घरी आला तरी "जेवलास का?" आणि मी मैत्रिणीकडून अंधार पडायच्या आत आले तरी "कुठं गेलतीस?" मी एकदा म्हटलं, "विकूला कधी इचारत न्हाईसा?" तर आबा म्हणाले, "त्येला काय इचारायचं? त्यो काय गावातनं हरवतोय व्हय?"

माझं दुखणं होतं फुटबॉलचं. कोल्हापुरात जन्मून फुटबॉलचं वेड नसणं म्हणजे तांबड्या रश्श्याला नाक मुरडण्यासारखं आहे, माणसं बघत राहतात. तिथं फुटबॉलच्या टीमाही तालमींच्याच असतात, तशी आमच्या गल्लीच्या तालमीची टीम होती. मॅचच्या दिवशी हलगी वाजत निघायची, गाड्यांवर तिघं तिघं बसून झेंडे जायचे आणि मी गच्चीवर उभी राहून मैदानाकडून येणाऱ्या आरोळ्यांवरून गोल कुणाचा झाला हे ओळखायची. आमचा गोल झाला की आरोळी अंगावर यायची, त्यांचा झाला की लांबून वाहून आल्यासारखी वाटायची. मैदानात जायला मला बंदी. तिथं शिव्या असतात, रेटारेटी असते, ते पोरींचं काम नव्हे. गंमत अशी की आमच्याकडं पोरीसुद्धा "मी जातो, मी खातो" असंच बोलतात. बोलायला पोरासारखं चालतं, जायला नाही.

म्हणून मी खेळायची कॉम्प्युटरवर. विकूनंच आणलेला जुना, चोरीचा फुटबॉल गेम होता, बाईंना त्याच्यात कधी काही वावगं दिसलं नाही. दुपारी आबा दुकानात असायचे, आई पापड-लोणच्यात असायची, मी आणि बाई सोप्यात. हळूहळू तालमीची पोरंही विकूबरोबर यायला लागली आणि मी त्यांना हरवायला लागले. विकूला तर मी इतक्या वेळा हरवलं की तो हरायच्या आधीच "आज जरा डोकं दुखतंय" म्हणायला शिकला.

त्या वर्षी मैदानावर आमच्या तालमीची आणि पलीकडच्या तालमीची अशी काही जुंपली की फुटबॉल बाजूलाच राहिला. खुर्च्या उडाल्या, पोलीस आले आणि उरलेला हंगाम बंद झाला. दोन्ही तालमींची मॅच अर्धीच राहिली होती. एक-एक. आता दुसऱ्या कुठल्या गावातली माणसं गप बसली असती. आमच्या माणसांनी ठरवलं की मॅच पुरी करायची, मैदान नसलं तर नसू दे, कॉम्प्युटरवर करायची. आणि कॉम्प्युटर कुणाचा, तर आबांचा. कारण आबांच्या सोप्यात कुणी खुर्ची उचलणार नाही, यावर दोन्ही तालमींचं एकमत होतं. माझ्या माहितीत त्यांचं तेवढं एकच एकमत झालं.

पलीकडच्यांनी फक्त एक अट घातली. गेम ओरिजिनल पाहिजे. "डुप्लिकेट नको. डुप्लिकेटमदी तुमी आधीच गोल बसवून आणशीला," असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडं मतपेट्यांपासून दुधाच्या मापापर्यंत जे जे अनुभवलं त्यावरून ते बरोबरच होतं म्हणा. वर्गणी निघाली, विकूला पुण्याला धाडलं आणि तो लग्नाचे दागिने आणावेत तशी छातीशी धरून गेमची ओरिजिनल सीडी घेऊन आला. खोक्यात एक लांबलचक किल्लीचा नंबर. तो टाकून इंटरनेटवरून गेम अ‍ॅक्टिव्हेट केल्याशिवाय सुरू व्हायचा नाही. आमच्या घरात पैसे देऊन आणलेला तो पहिलाच गेम. सगळ्यांनी खोकं हाताळून पाहिलं. आईनं ते देवापुढं ठेवलं.

मी आबांना जेवताना गाठलं. "आबा, मॅच आपल्या घरात हाय. बाहिर जायाचंच न्हाय. मग मी खेळलो तर काय बिघडलं?"

आबांनी रस्सा ओरपला, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "बघू."

आमच्या घरात 'बघू' याचा अर्थ 'नाही' असाच असतो, फक्त इस्त्री केलेला. पण मला त्या दिवशी तो 'हो'च्या बाजूला झुकलेला वाटला. सतरा वर्षांच्या पोरीला काहीही वाटतं. मी आठवडाभर सराव केला. गच्चीवरून आरोळ्या ऐकणारी मी, आता माझ्यासाठी कुणी आरोळी मारणार होतं. रात्री झोपताना ती आरोळी कशी असेल ते मी मनात वाजवून बघायची. आज हे लिहिताना हसू येतं, पण खोटं कशाला बोलू, एवढी एक गोष्ट मला पाहिजे होती, आणि इतकी पाहिजे होती की बारावीच्या निकालाची मला त्याच्या निम्मीसुद्धा काळजी नव्हती.

मॅच रविवारी दुपारी. सकाळपासून आई भडंग करत होती, लसूण आणि कढीपत्त्याचा वास पार कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत गेला होता. चौकात डिजिटल बोर्ड लागला होता. त्यावर तालमीच्या सगळ्या आधारस्तंभांचे फोटो, खाली कडेला विकू, गॉगल घालून, एक बोट आकाशाकडे. सोप्यात विकू तोच गॉगल कपाळावर चढवून गेम अ‍ॅक्टिव्हेट करायला बसला होता. त्यानं किल्लीचा नंबर टाकला, बटण दाबलं, आणि बाई जाग्या झाल्या. लाल चौकट. घंटा. धोका सापडला, धोका अडवला. वर्षानुवर्षं सगळ्या चोरांना चहा पाजणाऱ्या बाईंनी घरात आलेला पहिला सज्जन माणूस धरला आणि कोंडून घातला.

"कंपनीच फ्रॉड हाय," असं विकूनं जाहीर केलं आणि पुन्हा नंबर टाकला. पुन्हा घंटा. तो चिडला की तेच काम जास्त जोरात करतो, ही आमच्या घराण्याची पद्धतच आहे. शेवटी पडद्यावर सूचना आली की या किल्लीचे बहुतेक प्रयत्न संपले आहेत, आता जपून. मग आबांनी अँटीव्हायरस विकणाऱ्याला फोन लावला. "पावणं, तुमच्या बाई ऐकंनात." तो पाहुणा सहकुटुंब जोतिबाला गेला होता. विकू म्हणाला, "काका, अँटीव्हायरस काढूनच टाकू." आबांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं गॉगल डोळ्यांवर घेतला.

मी मागंच उभी होते. म्हटलं, "काढायला नगं. बाईंनी गेमची एक फाइल कोंडून ठेवल्या. ती बाहिर काढायची, बाईस्नी तासभर झोपवायचं आन मग किल्ली टाकायची. पर तेवढ्या तासात मॅच उरकाय पायजे. बाई परत उठल्या की ती फाइल परत उचलत्यात, आन फाइल गेली की गेम बंद, किल्ली परत टाकाय लागंल."

"तासात हुतंय की," आबा म्हणाले. "मॅच केवडी असती?"

आम्ही भिंतीकडे तोंड केलं, आबांनी एका बोटानं पासवर्ड टाकला, मी बाईंना तासभर झोपवलं, फाइल सोडवली, किल्ली टाकली. गेम अ‍ॅक्टिव्हेट झाला. विकू जोरात ओरडला, "झालं! मी म्हटलंच हुतं!" बाहेर उभ्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं.

आता कुठल्याही शहाण्या माणसानं खुर्चीत बसून मॅच सुरू केली असती. पण आपल्याकडं काही सुरू करायच्या आधी त्याचं उद्घाटन करावं लागतं. पलीकडची तालीम हलगी वाजवत आली, दारात चपलांचा ढीग पडला, सोप्यात मुंगीला जागा राहिली नाही. प्रमुख पाहुणे यायचे होते, ते आले नाहीत, मग त्यांची वाट बघून झाली, मग ते आले. कीबोर्डला हार घातला. मॉनिटरपुढं नारळ फोडला, त्याचं पाणी माऊसवर उडालं. मग सत्कार. पाहुण्यांचा, दोन्ही तालमींच्या अध्यक्षांचा, आबांचा आणि पुण्याहून सीडी सुखरूप आणल्याबद्दल विकूचा, शाल आणि श्रीफळ देऊन. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात संगणक युगात तरुणांनी काय करावं ते सांगितलं. ते काय होतं ते मला आठवत नाही, कारण मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. त्यांना घड्याळाशी काही देणंघेणं नव्हतं.

एकदाची माणसं बसली. पलीकडच्यांतर्फे खेळणार होता अस्लम, शिवणकाम करणाऱ्या उस्मानचाचांचा मुलगा, शांत आणि खेळात घातक. तो एका खुर्चीत बसला. दुसरी खुर्ची रिकामी होती. मी पुढं सरकले. ओढणी नीट केली. तेवढ्यात आबा म्हणाले, "विकू, बस." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुपे, चाचं बघ. माणसं लई हायती."

रागापेक्षा मला लाज वाटली, एवढ्या लोकांत ओढणी नीट करून पुढं सरकल्याची. कुणी पाहिलं नसेल तर बरं, असं वाटलं. तरी मी म्हटलं, "आबा, तास संपत आलाय. बाई उठतील."

"तू चाचं बघ म्हणलं न्हवं?"

मी चहाचं बघायला गेले. आई मोठ्या पातेल्यात आलं ठेचून टाकत होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मला पाट सरकवून दिला. सोप्यातून आरोळी आली. लांबून वाहून आल्यासारखी. "गोल त्येंचा," मी म्हटलं. थोड्या वेळानं दुसरी आली, तीही तशीच. विकूचं डोकं दुखायला लागलं असणार. मी कप मांडले, चहा गाळला, ट्रे उचलला आणि स्वयंपाकघराच्या दारात पोचले. त्याच वेळी सोप्यातल्या सगळ्या गोंगाटावरून तो गोड, नाकातला आवाज आला.

"युवर कॉम्प्युटर इज प्रोटेक्टेड."

"उठल्या बाई," आई मागून म्हणाली.

घंटा. लाल चौकट. गेम पडद्यावरून पुसला गेला आणि मागं आईनं निवडलेला गुलाबाच्या फुलांचा फोटो आला. क्षणभर दोन्ही तालमी त्या गुलाबांकडे बघत राहिल्या. मग एकदम उसळल्या. "रडीचा डाव हाय!" "हरायला लागली तसं बटाण दाबलंय!" "आरं, ओरिजिनल म्हणून गंडवलं!" विकू जोरजोरात सगळी बटणं दाबत होता. कुणीतरी कुणाची कॉलर धरली. आणि ज्या सोप्यात कुणी खुर्ची उचलणार नाही अशी सगळ्यांची खात्री होती, तिथं एक खुर्ची जमिनीवरून हलली. आबांनी ती पाहिली. ज्यानं आयुष्यभर घर राखलं त्या माणसाचा चेहरा एवढासा झाला.

"विकू, थांबीव की त्या बाईला!"

"काका, पासवर्ड मागतंय. आन फुडं काय करायचं ते मला..." विकूनं उरलेलं वाक्य गॉगलच्या आत ठेवलं.

आबा माणसांतून वाट काढत स्वयंपाकघराच्या दारापाशी आले. मी ट्रे घेऊन उभी. "सुपे, कसं थांबवायचं हे?"

"खुर्चीत बसायला लागंल," मी म्हटलं.

 मागं आरडाओरडा वाढत होता. मला वाटलं, आता 'बघू' म्हणतील. त्यांनी एकदा सोप्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि दोन्ही हात पुढं करून माझ्या हातातला ट्रे घेतला. पाण्याचा तांब्यासुद्धा कधी स्वतः न उचललेल्या माणसानं. "जा," म्हणाले. "बस."

मी गेले. विकू उठेना, तेव्हा अस्लमच म्हणाला, "ऊठ की गा. ताईला बसू दे. स्क्रीनवर समदी पोरंच हायती, मला काय फरक पडतोय?" विकू शाल सावरत उठला. मी बसले. बाईंनी पासवर्ड मागितला. मी मागं वळून पाहिलं, तर आबा गर्दीच्या त्या टोकाला, हातात कपांचा ट्रे, ना पुढं येता येत ना ट्रे ठेवायला जागा. सगळी खोली त्यांच्याकडं बघत होती. इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून मी मनाशी धरून चालले होते की तो पासवर्ड माझं नाव असणार. एकुलती एक मुलगी, दुसरं काय असणार?

"चंद्री!" आबा भरल्या घरात ओरडले. "इंग्रजीत, समदी बारकी अक्षरं!"

चंद्री म्हणजे आबांच्या लहानपणी त्यांच्या गावी, मुरगूडला, असलेली म्हैस. पिशवीतलं दूध पिताना दर संध्याकाळी तिची आठवण निघायची. दोन्ही तालमी इतक्या हसल्या की धरलेली कॉलर सुटली, खुर्ची खाली बसली. मीही हसले, पण जरा लागलंच. अजूनही लागतं. म्हशीनं दूध तरी दिलं होतं म्हणा.

मी चंद्री लिहिलं. बाईंना झोपवलं, या वेळी तासाच्या हिशेबात न पडता सरळ बेमुदत. फाइल सोडवली. किल्लीचा शेवटचा प्रयत्न उरला होता, आणि तो भरल्या सोप्याच्या साक्षीनं लागला. दोन्ही तालमींनी नव्यानं सुरुवात करायचं कबूल केलं. पाठीमागून आमच्या पोरांनी आरोळी मारली, माझ्या नावानं, आणि ती मी मनात वाजवली होती तशी अजिबात नव्हती. फार बेसूर होती आणि तिला भडंगाचा वास येत होता. मॅच मी हरले, तीन-दोन. अस्लम चांगला खेळला, आणि मला शेवटी शेवटी रडू आल्यामुळे पडदा नीट दिसत नव्हता. चौकातला बोर्ड विकूच्या बोटासकट पुढं महिनाभर तसाच होता. हल्ली माझी मुलगी शाळेच्या टीममधून खऱ्या मैदानावर खेळते, आणि आबा काठी टेकत जाऊन पंचाला शिव्या घालतात.

पण त्या दुपारचं मला आठवतं ते एवढंच. माझी नजर पडद्यावर, बोटं बटणांवर, आणि मागून आबांचा, सवय नसलेला, अवघडलेला आवाज, "चा घ्या पावणं... चा घ्या... जरा सरा की... घ्या, चा." कुणीतरी घोट घेऊन म्हणालं, साखर कमी हाय. तसा स्वयंपाकघराच्या दारातून आईचा आवाज आला, "मला सांगू नगा. आज चा ह्येंचा हाय."